दुरून मारण्याची किंमत

वाल्मीकी रामायणातल्या अरण्यकांडात खर या राक्षसाशी झालेल्या युद्धाचे वर्णन आहे. एकट्या रामाने चौदा हजार राक्षस बाणांनी लोळवले, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्याच वर्णनातला एक बारीक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. सगळे सैन्य पडल्यावर रक्ताने माखलेला खर थेट अंगावर धावून येतो, तेव्हा राम दोन-तीन पावले मागे सरकतो आणि मगच बाण लावतो. ही पावले जुन्या रसिकांना बोचली असावीत. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त लवाच्या तोंडून त्यांच्यावर टोमणा मारून घेतला आहे. नाशिककरांच्या दृष्टीने ही सगळी घरचीच गोष्ट. पंचवटी आणि जनस्थान याच परिसरात होते, असे परंपरा मानते.

ती पावले वीराला शोभली की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. युद्धाचे खेळ रचणाऱ्याला त्यांत एक नियम दिसेल. धनुष्याला जसा कमाल पल्ला असतो तसा किमानही असतो. शत्रू त्या किमान पल्ल्याच्या आत शिरला की जगातल्या सर्वोत्तम धनुर्धराचेही काही चालत नाही. त्याला आधी अंतर कमवावे लागते. चौदा हजारांचा सहज निकाल लावणाऱ्याला एकाच धावत्या राक्षसाने मागे सरायला लावले, आणि त्या क्षणापुरते युद्ध खरोखर अटीतटीचे झाले.

पाळीपाळीने खेळायच्या काल्पनिक युद्धखेळांमध्ये, म्हणजे जादूगार, तिरंदाज, राक्षस आणि ढालकरी घेऊन पटावर उतरायच्या टर्न-बेस्ड गेम्समध्ये, नेमका हाच क्षण हरवतो. रोग सगळीकडे सारखाच असतो. खेळाडू दहा-बारा तिरंदाज जमवतो, पुढे दोन ढालकरी उभे करतो आणि समोरचे सैन्य वाटेतच संपते. चार-पाच लढायांनंतर भालाईत, घोडेस्वार, राक्षस ही सगळी मंडळी शोभेपुरती उरतात. मग ओरड सुरू होते, ‘तिरंदाज ओपी आहेत, नर्फ करा,’ म्हणजे ते फार भारी आहेत, त्यांचे बळ घटवा. खेळ बनवणारा बाणाचा मार दहावरून आठवर आणतो. तिरंदाज महिनाभर मागे पडतात आणि मग कुणीतरी बारांऐवजी चौदा तिरंदाज घेऊन येतो.

माझे म्हणणे असे की हे औषधच चुकीचे आहे. लांबच्या माऱ्याचा तोल त्याचा मार कमी करून साधत नाही. तो साधतो मारणाऱ्याला किंमत मोजायला लावून. कुठे उभे राहायचे, काय दिसायला हवे, कधी थांबायचे आणि कशाला मुकायचे, या रूपांत ती किंमत असते. शिवाय ज्याला मारले त्याच्या हाती काहीतरी उत्तर उरले पाहिजे. किंमत आणि उत्तर या दोन्ही गोष्टी असतील तर मारा कितीही जबर असू द्या, खेळ टिकतो.

आधी पाळीचा स्वभाव पाहू. खऱ्या लढाईत बाण सुटत असतो तेव्हाच शत्रू धावतही असतो. पाळीच्या खेळात वेळेचे तुकडे पडतात. माझी पाळी चालू असताना तुम्ही पुतळा असता. त्यामुळे इथे पल्ला घरांमध्ये मोजणे फसवे ठरते. तो ‘फुकटच्या बाणां’मध्ये मोजला पाहिजे. तिरंदाजाचा पल्ला सहा घरांचा आणि पायदळाची चाल दोन घरांची धरा. सहा घरांवर पहिला बाण, शत्रू चारवर आला की दुसरा, दोनवर आला की तिसरा. त्यानंतर कुठे तो शेजारच्या घरात येऊन तलवार चालवणार. म्हणजे पायदळाला तीन बाण फुकट खावे लागले. पाच घरे चालणारा घोडेस्वार एकच बाण खाऊन भिडतो. आता पल्ला सहावरून सात करा. पायदळाचे बाण तीनच राहतात, घोडेस्वाराचे मात्र एकाचे दोन होतात. एका घराच्या किरकोळ वाढीने तिरंदाजावरचे एकमेव उत्तर निम्मे लुळे पडले, आणि आकड्यांच्या तक्त्यात तर ते दिसलेही नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ साली विमानयुद्धावरच्या आपल्या पुस्तकात एक साधे गणित मांडले. हातघाईच्या लढाईत एकाला एकच भिडतो, म्हणून दहाजण सहाजणांशी लढले तर, बाकी सगळे समान धरून, चार उरतात. दुरून नेम धरून मारणारे असले की दहाही जण एकाच लक्ष्यावर मारा एकवटू शकतात. तिथे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. शंभरातून छत्तीस वजा केले की चौसष्ट, त्याचे वर्गमूळ आठ. म्हणजे दहापैकी आठ शिल्लक राहतात. हे गणित आदर्श परिस्थितीचे आहे, पण खेळाचा पट खऱ्या रणांगणापेक्षा या आदर्शाच्या जास्त जवळ असतो. त्यावरून नर्फचा हिशेब करून पाहावा. प्रत्येक बाणाचा मार वीस टक्क्यांनी घटवला, तर ती तूट भरून काढायला संख्या साधारण बारा टक्केच वाढवावी लागते. दहा तिरंदाजांच्या फौजेत एक वाढवला की महिनाभराची चर्चा जवळजवळ पाण्यात. ज्या गोष्टीचे बळ एकवटण्यातून येते, तिचा एकेक दाणा बारीक करून भागत नाही. एकवटणेच अवघड करावे लागते.

ते अवघड कसे करायचे, याचा सर्वांत जुना आणि यशस्वी दाखला बुद्धिबळाच्या पटावर आहे. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून पुढच्या वर्षी टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये जागा मिळवली, तेव्हापासून या शहरात पट नव्याने समजावून सांगायची गरज उरलेली नाही. पण हा पट नेहमी असाच नव्हता. शतरंजच्या जुन्या नियमांत वजीर तिरका एकच घर चाले. आजच्या उंटाच्या जागी असलेला मोहरा तिरकी दोन घरे उडी मारी आणि अख्ख्या चौसष्ट घरांपैकी फक्त आठ घरांवर पोहोचू शके. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीकडे हे दोन्ही मोहरे एकदम लांब पल्ल्याचे झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर इतिहासातला सर्वांत मोठा ‘बफ’, म्हणजे बळवाढ, तोच. खेळ मोडला नाही. उलट झपाट्याने चालू लागला आणि पाचशे वर्षे टिकला.

तो टिकला, कारण प्रत्येक पल्ल्याला किंमत जडलेली होती. रिकाम्या पटाच्या मध्यावरून उंट तेरा घरांवर नजर ठेवतो, घोडा फार तर आठ घरांवर. तरीही दोघांचे मोल जवळपास सारखे, तीन-तीन प्याद्यांचे मानले जाते. उंटाने मोजलेली किंमत म्हणजे अर्धा पट: काळ्या घरांचा उंट जन्मभर पांढऱ्या घरात पाऊल ठेवू शकत नाही. शिवाय वाटेत एक प्यादे आले की त्याची दृष्टी खुंटते आणि घोडा मात्र उडी मारून जातो. हत्तीची किंमत वेगळी, ती वेळेची. रिकाम्या पटावर तो कुठूनही चौदा घरे धरतो, पण डावाच्या सुरुवातीला कोपऱ्यात कोंडलेला असतो. पट्ट्या उघडेपर्यंत त्याचा उपयोग नाही. वजीर सर्वांत बलाढ्य, म्हणूनच त्याला लवकर बाहेर काढले तर उंट-घोडे त्याला हुसकावत फिरतात आणि प्रत्येक हुसकावणीत एकेक चाल कमावतात. यातल्या एकाही मोहऱ्याचा ‘मार’ कमी केलेला नाही. उंट मारतो तेव्हा समोरचा मोहरा पूर्णच मरतो. तोल साधला आहे तो भूमितीने, अडथळ्यांनी आणि वेळेने.

पटावरून डोंगरावर जाऊ. नाशिकच्या उत्तरेला दिंडोरी तालुक्यात रामशेजचा किल्ला आहे. सह्याद्रीतल्या बलदंड गडांपुढे तो अगदीच लहानखुरा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेवरून शहाबुद्दीन खानाने त्याला वेढा घातला. पुढे बहादूर खान आला, मग कासिम खान. मोगलांकडे तोफा होत्या, माणसे होती, रसद होती. किल्ला तरीही पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून झाडांचे बुंधे कोरून मराठ्यांनी लाकडी तोफा केल्या आणि त्यांतून मारा चालवला, अशी हकीकत खाफीखानानेच, म्हणजे मोगलांच्या बाजूच्या इतिहासकाराने, लिहून ठेवली आहे. मोगलांनी उंची मिळवायला लाकडी दमदमा उभारला. शेवटी तर एका मांत्रिकाला सोन्याचा नाग देऊन पुढे घातले आणि गोफणीच्या दगडाने तो आडवा झाला, अशीही गोष्ट सांगतात. तोफ, मनोरा, मांत्रिक आणि गोफणदार असे एखाद्या फँटसी गेमचे सगळे मोहरे या एका टेकडीवर हजर होते.

खेळाच्या रचनेसाठी रामशेजचा धडा चिवटपणाच्या कौतुकाहून वेगळा आहे. आकड्यांत मोगल तोफ लाकडी तोफेपेक्षा कितीतरी सरस. मग फरक कुठे पडला? खालून वर मारणाऱ्याला कडा आणि तट आड येतात. वरून खाली मारणाऱ्याला पायथा उघडा दिसतो, आणि त्याच्या नुसत्या दगडालाही वजन येते. चढणीची वाट अरुंद असल्याने हल्ला करणारे एकवटू शकत नाहीत, वरचे मात्र त्या एका वाटेवर सगळा मारा एकवटू शकतात. लँचेस्टरच्या भाषेत सांगायचे तर वरच्यांना वर्गाचा नियम लागू झाला आणि खालच्यांना हातघाईचा. कुणाला कुठला नियम लागू होणार, हे शस्त्र ठरवत नाही, जमीन ठरवते. सपाट, मोकळ्या, हिरव्या मैदानाचा नकाशा देऊन ‘तिरंदाज भारी पडतात’ अशी तक्रार करणाऱ्याने आधी नकाशा बदलावा. आणि रामशेज शेवटी पडला तो फितुरीने, तोफेने नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. अभेद्य ठिकाणालाही उत्तर होते. ते वेगळ्या मार्गाचे होते इतकेच. चांगल्या खेळात भक्कम गडाला उपासमार, फितुरी किंवा भुयार असे काहीतरी दुसरे दार असावेच लागते.

गाजलेल्या खेळांनी ही किंमत कशी लावली, ते या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मध्ये दहा घरांपलीकडे बाणाचा मार निम्मा होतो, तटाआडच्या शत्रूवरही घटतो, आणि शेजारी शत्रू येऊन उभा राहिला की बाण सोडताच येत नाही. यातला शेवटचा नियम सर्वांत कसदार, कारण तो शत्रूला ध्येय देतो: कसेही करून एक चपळ पक्षी त्या तिरंदाजाशेजारी नेऊन बसव. त्याच खेळातला बाणांच्या साठ्याचा नियम मात्र कागदीच म्हणावा लागेल. साध्या तिरंदाजाकडे बारा बाण असतात आणि बहुतेक लढाया बारा फेऱ्या चालतच नाहीत. जी किंमत मोजायची वेळच येत नाही, ती किंमत नव्हे. ‘ॲडव्हान्स वॉर्स’मध्ये तोफेला एका पाळीत एकतर हलता येते नाहीतर मारता येते, आणि शेजारच्या घरावर मुळीच मारता येत नाही. रामाच्या त्या दोन-तीन पावलांची किंमत इथे पुरी एक पाळी ठरते. याउलट, मागे सरकून त्याच पाळीत पुन्हा मारायची मुभा दिली, की खेळाडू ज्याला काइटिंग म्हणतात तो कंटाळवाणा पाठशिवणीचा प्रकार सुरू होतो: पायदळ आयुष्यभर चालत राहते आणि पोहोचत कधीच नाही.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या २००३ पासून मुक्त स्रोत म्हणून वाढलेल्या खेळाने तर अंतरच काढून टाकले. तिथे धनुर्धराला शत्रूच्या शेजारीच उभे राहावे लागते. फायदा इतकाच की ज्याच्याकडे दूरचे शस्त्र नाही, तो उलट वार करू शकत नाही. त्यामुळे दुरून मारणाऱ्याला पुढच्या पाळीत तलवारीसमोर उघडे राहावे लागते. तोल अचूक साधतो. मला मात्र हा मार्ग पळवाटेचा वाटतो. अंतराचा प्रश्न सोडवायला अंतरच पुसून टाकले, तर लपणे, गाठणे, कोंडी फोडणे या गोष्टींतली गंमतही पुसली जाते.

किंमत लावायची आणखी एक तऱ्हा नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, देवळालीत दिसते. तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी शाळा आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आली, आणि नाशिककरांच्या कानांना सरावाच्या तोफांचे आवाज सवयीचे झाले. आधुनिक तोफखान्याचे मूळ तत्त्व असे की तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य दिसतच नाही. लक्ष्य पाहतो तो पायदळाबरोबर पुढे गेलेला निरीक्षक. तो ठिकाण कळवतो, हिशेब करणारे कोन आणि दारूचे प्रमाण ठरवतात, मग तोफ बोलते. निरीक्षक सुधारणा सांगतो आणि ती पुन्हा बोलते. डोळा एकीकडे आणि हात दुसरीकडे. निरीक्षक पडला की कित्येक किलोमीटर पल्ल्याची तोफ आंधळी होते. शिवाय मारा केला की जागा उघड होते. शत्रूचे रडार गोळ्याच्या मार्गावरून तोफ हुडकते, म्हणून मारून लगेच हलावे लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीतच सैन्यात दाखल झालेल्या दोन तोफांकडे पाहा. एम-७७७ सुमारे सव्वाचार टनांची, हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते, पण तिच्यावरची माणसे उघडी. के-९ वज्र स्वतःच्या पट्ट्यांवर धावते, माणसांभोवती चिलखत आहे, पण वजन एम-७७७च्या दसपटीहून जास्त. पल्ला दोघींचाही मोठा. वेगळे आहे ते काय गमावून तो मिळवला हे.

२०१२ च्या ‘एक्सकॉम’ या खेळाने नेमका असाच सौदा स्निपरच्या स्किलमध्ये घातला. बढतीच्या एका पायरीवर दोनपैकी एकच गोष्ट निवडायची: सोबत्यांना दिसणाऱ्या कुठल्याही शत्रूवर लांबून मारायची मुभा, किंवा हलून लगेच मारायची, पण नेम कच्चा ठेवून. पहिली निवडली तर तुमचा डोळा दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर पुढे जातो. अशा निवडीतून तोल साधतोच, पण प्रत्येक खेळाडूच्या सैन्याला स्वभावही येतो.

मंत्र आणि स्किल यांच्या बाबतीत आपल्याकडे तर शेकडो वर्षांचे रचनाशास्त्र पडून आहे. आजच्या खेळांत जादूवरचा अंकुश म्हणजे बहुधा ‘तीन पाळ्या थांबा’. महाभारतातल्या अस्त्रांच्या अटी याहून कितीतरी चतुर आहेत. कर्णाला इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार होती; ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. घटोत्कचाला पुढे घालणे हे कृष्णाचे त्या अस्त्रावरचे उत्तर होते. अश्वत्थाम्याचे नारायणास्त्र प्रतिकार कराल तितके भडकते आणि शस्त्रे खाली ठेवणाऱ्याला सोडून देते. तिथे उत्तर आहे शरणागतीचे, आणि भीमासारख्याला ते देणे जड जाते. त्याच अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र सोडता येते, मागे घेता येत नाही. तिन्ही ठिकाणी अस्त्राचा मार अमर्याद आहे. मर्यादा आहेत त्या वापरणाऱ्याच्या निवडीवर आणि समोरच्याच्या उत्तरावर.

यावर आक्षेप निघतील, आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा की एवढे नियम घातले तर नवखा खेळाडू पळून जाईल. आकडा बदलणे सोपे, समजायलाही सोपे. खरे आहे. पण नियमांची संख्या आणि नियमांचा कस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘एकतर हल नाहीतर मार’ हे एक वाक्य दहा प्रकारच्या टक्केवाऱ्यांची जागा घेते. दुसरा आक्षेप: संगणकाला हे जमत नाही. ‘सिव्हिलायझेशन ५’ने २०१० मध्ये एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आणला, तिरंदाज मागे, भालाईत पुढे अशी रांग माणसाने सहज लावली, संगणकी प्रतिस्पर्ध्याची मात्र त्या गर्दीत तारांबळ उडाली. म्हणजे नियम लिहिताना समोर कोण खेळणार, हेही तोलाचाच भाग आहे. संगणकाला अंतर राखता येत नसेल तर त्याला घोडेस्वार जास्त द्या, नकाशात आडोसे जास्त द्या. बाण बोथट करू नका. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दुरून अचूक मारण्यात आनंद आहे आणि तो खेळाडूकडून हिरावू नये. मी त्याच बाजूने बोलतो आहे. मार कमी करणारा हा आनंद हिरावतो. किंमत लावणारा तो वाढवतो, कारण नेम कमावावा लागतो.

आकड्यांना मी हद्दपार करत नाही. फुकटच्या बाणांचा हिशेब आकड्यांचाच आहे. क्रम मात्र उलटा हवा. आधी प्रत्येक लांब पल्ल्याच्या मोहऱ्यासाठी एका वाक्यात लिहावे की तो काय गमावतो, आणि त्याच्याविरुद्ध कुठला दुसरा मोहरा, कुठली जमीन किंवा कुठली चाल उपयोगी पडते. हे वाक्य लिहिता येत नसेल तर मार दहा ठेवा की आठ, तो मोहरा खेळ खाणारच. वाक्य जमले तर मग आकडे फक्त बारीक जुळवणीसाठी उरतात.

आणि खेळ तपासताना जिंकणाऱ्यांची टक्केवारी पाहण्याआधी हरलेल्याशी बोलावे. कुठे चुकलास, असे त्याला विचारावे. ‘मी चालत होतो आणि मेलो’ एवढेच तो सांगू शकला, तर दोन्ही बाजू निम्मे-निम्मे सामने जिंकत असल्या तरी तो खेळ तोलाचा नाही. ‘दुसऱ्या पाळीत डावीकडची झाडी सोडायला नको होती, घोडेस्वार उगाच आधी खर्च केले,’ असे तो सांगू लागला, तर त्याला वाटेत बाण खावे लागले याचे दुःख उरत नाही. तो पुढचा डाव मांडायला बसलेला असतो.